स्वतःच्या घरातली बातमी: वृत्तसमूहांच्या कॉर्पोरेट कम्युनिकेशन प्रमुखांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या वृत्तपत्र आणि वृत्तवाहिनी समूहांत कॉर्पोरेट कम्युनिकेशनची जबाबदारी सांभाळणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या. तुमच्या अंकांत चौकटी आल्या, चॅनेलवर ग्राफिक्स फिरले. गिग कामगारांना काय मिळणार, मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसाला वर्षभरात ग्रॅच्युइटी कशी मिळणार, रात्रपाळी करणाऱ्या महिलांसाठी काय बदललं, हे सगळं नीट समजावून सांगितलं गेलं. चौकटी चांगल्या होत्या. पण त्या ज्यांनी रात्री बसून लावल्या, त्यांचा स्वतःचा श्रमिक पत्रकार कायदा, १९५५ सालचा, त्याच दिवशी मोडीत निघाला. ही बातमी मी शोधत होतो. कुठे एका ओळीत सापडली, कुठे तीही नव्हती.

हे पत्र मालकांना लिहिता आलं असतं, संपादकांनाही. पण मालक या विषयावर बोलत नाहीत, आणि संपादक 'ते मॅनेजमेंटचं बघतात' म्हणून मोकळे होतात. एचआर ठरवतं, लीगल तपासतं आणि शब्द तुमचे असतात. माझी नोकरी डेस्कवर गेली, त्यातली बरीच वर्षं कर्मचारी संघटनेचं काम करत. म्हणजे तुमच्या खात्याचे मेल मी दोन नात्यांनी वाचले आहेत. एक, ज्याला तो मेल आला तो माणूस म्हणून. दुसरं, ज्याचं पोटच प्रेसनोटी वाचण्यावर आणि त्यातलं खरं-खोटं निवडण्यावर चालतं तो उपसंपादक म्हणून.

तुमच्या कामाची खरी अडचण इथेच आहे. सिमेंट किंवा औषध कंपनीतल्या तुमच्या समव्यवसायी मंडळींना ती नाही. कारखान्यातल्या फिटरला कंपनीचं निवेदन आवडत नसेल, पण ते कसं शिजवलं हे त्याला सहसा माहीत नसतं. तुमचा कर्मचारी रोज तेच करतो. महापालिकेच्या प्रेसनोटीत आकडा का नाही, बिल्डरच्या खुलाशात तारीख का गाळली, पोलिसांच्या निवेदनात कुणी मारलं हे का नाही, हे पकडण्याचा त्याला पगार मिळतो. त्याच माणसाला तुम्ही रात्री साडेअकराला मेल पाठवता. डाक आवृत्ती सुटलेली असते, शहर आवृत्तीची पानं लागत असतात, आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर एकदम येऊन पडतं: 'बदलत्या बाजारपेठेच्या पार्श्वभूमीवर संस्थेच्या फेररचनेचा निर्णय घेण्यात आला असून काही जबाबदाऱ्यांचं एकत्रीकरण करण्यात येत आहे. आपण सारे एक परिवार आहोत.' खाली सही: टीम एचआर.

मी जिथे होतो तिथे असा एक मेल आला, तेव्हा डेस्कवरच्या एकाने त्याची प्रिंट काढली आणि लाल पेन घेऊन ती नवख्या वार्ताहराच्या कॉपीसारखी तपासली. 'निर्णय घेण्यात आला' याला गोल करून समासात लिहिलं: कोणी? 'काही जबाबदाऱ्या' याखाली रेघ: किती? कोणत्या आवृत्तीत? 'लवकरच' याच्यासमोर: तारीख? शेवटच्या परिच्छेदावर उभी रेघ मारून शेरा: कापा, बातमीमूल्य नाही. मग तो कागद नोटीस बोर्डावर, कँटीनच्या दरपत्रकाशेजारी. सकाळपर्यंत तिथेच होता. ऑफिसात त्या आठवड्यात कुणीही मॅनेजमेंटवर चिडून बोललं नाही, फक्त हसले. माझ्या अंदाजाने चिडणं तुम्हाला परवडलं असतं.

आता मजिठियाकडे, म्हणजे पत्रकारांच्या पगारासाठी नेमलेल्या शेवटच्या वेतन मंडळाकडे येतो, कारण या विषयावर तुमच्या खात्यांनी इतक्या वर्षांत जे केलं आणि जे केलं नाही, ते सगळं त्या एका प्रकरणात दिसतं.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं. पहिल्या प्रेस आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती राजाध्यक्ष. त्यांच्या अहवालानंतर १९५५ चा कायदा आला. संपादकीय माणसाला काढायचं तर तीन महिन्यांची नोटीस, संपादकाला सहा महिन्यांची. चार आठवड्यांत १४४ तासांपेक्षा जास्त काम नाही. आणि एक कलम असं, जे दुसऱ्या कुठल्या धंद्यात मला तरी दिसलेलं नाही: तीन वर्षं नोकरी झालेल्या पत्रकाराने सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून राजीनामा दिला, तरी त्याला ग्रॅच्युइटी. या कायद्याने वेतन मंडळंही दिली. दिवाटिया, शिंदे, बछावत, मणिसाना. मध्ये पालेकर न्यायाधिकरण. शेवटचं मंडळ न्या. मजिठियांचं. त्याच्या शिफारशी केंद्राने ११ नोव्हेंबर २०११ ला अधिसूचित केल्या.

मालकांच्या संघटनेची तेव्हाची भूमिका आठवून बघा. वेतन सरकारने ठरवणं हा वृत्तपत्र स्वातंत्र्यावर घाला आहे, असं ती सांगत होती आणि ते अंकांतून ठळक छापून येत होतं. युक्तिवाद जुनाच होता. १९५८ साली एक्स्प्रेस न्यूजपेपर्सच्या खटल्यात तो सर्वोच्च न्यायालयासमोर मांडून झाला होता आणि न्यायालयाने कायदा उचलून धरला होता. त्या निकालात मालकांची एक मोठी गोष्ट मात्र मान्य झाली: मंडळाने वृत्तपत्रांची पगार देण्याची ऐपत तपासली नाही, म्हणून दिवाटिया मंडळाचा निर्णय रद्द. ऐपत बघा, एवढंच न्यायालय म्हणालं. पत्रकाराला वाजवी पगार दिल्याने स्वातंत्र्य धोक्यात येतं, असं ते म्हणालं नाही. अर्धशतकानंतर तीच प्रेसनोट पुन्हा काढताना कुणीतरी जुनं कात्रण बघायला हवं होतं. संदर्भ विभाग तुमच्याच इमारतीत होता.

७ फेब्रुवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने मजिठिया शिफारशी वैध ठरवल्या. नवा पगार ११ नोव्हेंबर २०११ पासून लागू, मार्च २०१४ पर्यंतची थकबाकी वर्षभरात चार समान हप्त्यांत, एप्रिल २०१४ पासून सुधारित वेतन. इतकं सरळ. डेस्कवर कुणालाही दहा मिनिटांत पाच ओळींचा इंट्रो करता आला असता.

त्यानंतर फॉर्म आले. एका पानाचे, इंग्रजीत टाइप केलेले. 'मी माझ्या सध्याच्या वेतनावर समाधानी असून कलम २०(जे) अन्वये तेच कायम ठेवू इच्छितो.' मजिठिया शिफारशींतल्या मूळ कलमात हा पर्याय अधिसूचनेनंतरच्या तीन आठवड्यांपुरता होता, आणि तो कुणासाठी असेल हे उघड होतं: ज्याचा चालू पगार शिफारशीपेक्षा जास्त आहे त्याच्यासाठी. इथे ज्याला शिफारशीच्या निम्मेही मिळत नाहीत तो 'समाधानी' होता. प्रूफरीडर समाधानी, छायाचित्रकार समाधानी, ज्याला इंग्रजी वाचता येत नाही तो मशीनवरचा माणूसही समाधानी. केबिनमध्ये एकेकाला बोलावलं जायचं. टेबलावर फॉर्म, शेजारी पेन. घरी नेऊन वाचतो म्हटलं तर 'त्यात वाचण्यासारखं काय आहे' असं उत्तर. हे एका ठिकाणी घडलेलं मी पाहिलं, आणि तसंच घडल्याचं दुसऱ्या शहरांतल्या मित्रांकडून ऐकलं. ज्यांनी सही नाकारली त्यांच्या बदलीच्या गावांची यादी वाचली की महाराष्ट्राच्या सीमा पाठ होतात.

शेवटी, निकाल पाळला नाही म्हणून मालकांविरुद्ध अवमान याचिका झाल्या. १९ जून २०१७ चा निकाल तुमच्या लीगलकडे आहे, पण तुम्ही स्वतः एकदा वाचा. मोठा नाही. कायद्याने हमी दिलेलं किमान वेतन सोडून देण्याचा प्रश्नच येत नाही, कंत्राटी कर्मचारीही शिफारशींच्या कक्षेत येतात, असं न्यायालयाने सांगितलं. अवमान जाणूनबुजून केला असं मात्र मानलं नाही, आणि वैयक्तिक वसुलीसाठी १९५५ च्या कायद्यातल्या कलम १७ कडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी कुठे कुठे मथळा होता की वृत्तपत्रांना दिलासा. तो खोटा नव्हता. निकालाचा दुसरा अर्धा भाग मात्र मला आठव्या पानावर, तळाला, एका स्तंभात सापडला. कलम १७ म्हणजे काय, तर कामगार आयुक्तांकडे अर्ज, मग वाद असेल तर कामगार न्यायालय. म्हणजे वांद्र्याच्या कामगार भवनात तारीख, पुढची तारीख, कंपनीच्या वकिलांचा स्थगन अर्ज, पुन्हा तारीख. काही अर्जदार दरम्यान निवृत्त झाले. काही गेले, त्यांच्या बायका कागदपत्रांची पिशवी घेऊन येतात.

या सगळ्या काळात तुमच्या खात्याचं अधिकृत म्हणणं काय होतं? मी शोधलं. 'प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने भाष्य करणार नाही.' बस्स. याच राज्यात न्यायप्रविष्ट नसलेलं एक तरी मोठं प्रकरण दाखवा. मराठा आरक्षण न्यायप्रविष्ट होतं, शिवसेना कुणाची हे न्यायप्रविष्ट होतं, आणि त्या दोन्हींवर रोज पानं भरत होती.

२०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. तो संप आपल्या पत्रकारितेने चांगला हाताळला, हे मी मनापासून म्हणतो. चालक-वाहकांच्या पगाराच्या पावत्या छापल्या गेल्या. मूळ वेतन किती, महागाई भत्ता किती, हातात किती पडतात, घरभाडं किती, सगळं. महामंडळाची बाजू, मंत्र्यांची बाजू, आत्महत्या केलेल्या कर्मचाऱ्यांची घरं. वाचकाला निदान मत बनवता आलं. १९८२ च्या गिरणी संपातही अडीच लाख कामगारांचं काय चाललंय, हे मुंबईला वृत्तपत्रांतूनच कळत होतं, मग ते अग्रलेख दत्ता सामंतांच्या बाजूचे असोत की विरोधातले. याच आपल्या वृत्तपत्रांत, त्या एसटीच्या बातम्या लिहिणाऱ्या वार्ताहराची पगाराची पावती कधी छापून आली? स्वतःची नको, निदान शेजारच्या समूहाची? एकमेकांच्या घरातलं न छापण्याचा हा अलिखित करार कुणी केला, ठाऊक नाही. पाळता मात्र तुम्ही सगळे, आणि एरवी खपाच्या आकड्यावरून एकमेकांना कोर्टात खेचता.

कोविडमध्ये हे फारच उघडं पडलं. 'कुणालाही कामावरून काढू नका, पगार कापू नका' हे आवाहन पहिल्या पानावर, आणि आतल्या आत पगारकपात, बिनपगारी रजा, आवृत्त्या बंद. शेवटी बृहन्मुंबई युनियन ऑफ जर्नलिस्ट्ससह तीन संघटनांना एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. त्या काळातल्या राजीनाम्यांना निवेदनांत शब्द होता 'स्वेच्छेने'.

परदेशी उदाहरण द्यायचं तर तुमच्या धंद्यातलंच देतो. २०२३ साली हॉलिवूडमध्ये आधी लेखक आणि मग अभिनेते संपावर गेले. स्टुडिओवाले म्हणजे जगाला गोष्टी सांगणारी मंडळी, जनसंपर्कावर अमाप पैसा. आणि केलं काय? अभिनेत्यांचा संप जाहीर झाला त्याच दिवशी, १३ जुलैला, डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी टीव्हीवर सांगितलं की संपकऱ्यांच्या अपेक्षा वास्तवाला धरून नाहीत. त्यांचा स्वतःचा करार दोन वर्षांनी वाढवल्याची घोषणा आदल्याच दिवशी झाली होती. तारखांकडे बघणारं कुणी तिथल्या कम्युनिकेशन विभागात नव्हतं का? त्याच आठवड्यात एका बातमीत एका अनाम स्टुडिओ अधिकाऱ्याचं म्हणणं आलं, की लेखकांची घरं हातची जायला लागेपर्यंत ताणायचं असा बेत आहे. संप मोडायला यांनी काय काय केलं असेल देव जाणे, पण संपकऱ्यांना एकत्र ठेवायला एवढं एक वाक्य पुरलं.

त्याहून मला आवडतो तो झाडांचा किस्सा. लॉस एंजेलिसमध्ये उन्हाळ्याची लाट. युनिव्हर्सल स्टुडिओबाहेर बारहॅम रस्त्याच्या कडेला फायकसची झाडं, त्यांच्या सावलीत फलक घेऊन फिरणारे संपकरी. एक दिवस झाडांच्या फांद्या साफ छाटलेल्या. सावली गेली. कंपनीचं निवेदन आलं: आम्ही दरवर्षी याच सुमारास, परवानाधारक तज्ज्ञांकडून, जोराच्या वाऱ्याच्या मोसमाआधी ही छाटणी करतो, आंदोलकांना त्रास व्हावा असा हेतू नव्हता. निवेदन म्हणून बघा, सुरेख आहे. कारण आहे, सौजन्य आहे, तज्ज्ञही आहेत. मग शहराच्या लेखानियंत्रकांनी कागद तपासले. त्या ठिकाणी छाटणीसाठी मागच्या तीन वर्षांत परवानाच दिलेला नव्हता. दंड झाला २५० डॉलर. एवढ्या मोठ्या कंपनीला तो चहापाण्याचा खर्च, पण त्या निवेदनावर पुढे कुणी विश्वास ठेवला असेल असं वाटत नाही. लेखकांचा संप १४८ दिवसांनी मिटला, आणि लेखकांच्या पदरात बऱ्यापैकी पडलं. स्टुडिओंनी ऑगस्टमध्ये संकटकाळात जनसंपर्क सांभाळणारी खास संस्था नेमली होती. त्याच महिन्यात त्यांनी आपला प्रस्ताव परस्पर जाहीर करून टाकला. संघटना आणखी भडकली.

दुसरी बाजूही सांगतो. ८ डिसेंबर २०२२ ला न्यूयॉर्क टाइम्सच्या अकराशेहून जास्त कर्मचाऱ्यांनी चोवीस तास काम बंद ठेवलं. वाचकांना आवाहन केलं, आज आमची साइट उघडू नका, साइटवरचा वर्डल हा शब्दखेळ खेळू नका. टाइम्सने या संपाची बातमी स्वतः दिली. व्यवस्थापनाचं म्हणणं एका बाजूला, संघटनेचं दुसऱ्या बाजूला. तिथलं व्यवस्थापन काही संत नाही. त्यांच्याकडच्या वाटाघाटी फार कडवट होत्या आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, अमेरिकेच्या निवडणुकीच्या आठवड्यात, तंत्रज्ञ संपावर गेलेच. पण टाइम्सच्या वाचकाला आपल्या वर्तमानपत्रात काय चाललंय हे दुसरीकडून शोधावं लागलं नाही.

आपल्याकडे कारण दिलं जातं की पैसाच नाही. हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. कागदाचे भाव मी पाहिले आहेत. छोट्या जाहिरातींची पानं जाऊन मोबाइलवर स्थिरावली, कोविडनंतर काही जाहिरातदार परतलेच नाहीत, आणि ऑनलाइन जाहिरातीतला मोठा वाटा गूगल आणि मेटा घेऊन जातात. जिल्हा आवृत्ती चालवणं आज सोपं नाही. पण हे सांगायची रीत कायद्यातच होती. मजिठिया शिफारशींत वृत्तपत्रांचे उलाढालीनुसार आठ वर्ग होते. हजार कोटींवाल्याला आणि एक कोटीच्या आतल्याला एक पगार कुणीच सांगितला नव्हता. सलग तीन वर्षं मोठा रोख तोटा असेल तर थकबाकीतून सूट होती. त्यासाठी ताळेबंद दाखवायचा होता. 'परवडत नाही' हे वाक्य साखर कारखान्याच्या अध्यक्षाने पत्रकार परिषदेत म्हटलं, तर तुमचाच वार्ताहर विचारतो, गेल्या तीन वर्षांचा ताळेबंद द्याल का? आणि नाही मिळाला तर तसं छापतो.

तालुका वार्ताहराबद्दल तर बोलायलाच नको, म्हणजे तुम्ही बोलतच नाही. त्याला तुमच्या कागदावर नाव नाही. 'ते आमचे कर्मचारी नाहीत, हौशी आहेत.' पुराच्या रात्री नदीकाठी उभं राहून व्हिडिओ पाठवताना तो तुमचा 'प्रतिनिधी' असतो. वाळूवाल्यांनी मारलं की निवेदनात 'आमच्या प्रतिनिधीवर भ्याड हल्ला'. मानधन विचारलं की हौशी. वर्धापनदिन आणि दिवाळी आली की त्यालाच फोन: तालुक्याचं जाहिरातींचं टार्गेट एवढं. ज्या सरपंचाविरुद्ध जूनमध्ये बातमी दिली, त्याच्याकडे ऑक्टोबरमध्ये शुभेच्छांच्या जाहिरातीसाठी जायचं. कमिशनवर त्याचं घर चालतं. मग बातमी येते की अमुक वार्ताहराला खंडणी घेताना पकडलं, आणि तुमच्या खात्याचं निवेदन तासाभरात: सदर इसमाचा आमच्या संस्थेशी संबंध नाही. तेवढं मात्र वेळेवर. १९५५ च्या कायद्याच्या व्याख्येत अर्धवेळ पत्रकारही होता, हे लीगलने तुम्हाला सांगितलं नसेल, कारण तुम्ही विचारलं नसेल.

आपल्या भाषेत कामगारांची पहिली संघटना उभी करणारा माणूस वृत्तपत्राचाच होता. नारायण मेघाजी लोखंडे 'दीनबंधू' चालवायचे आणि १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा स्थापन केली. रविवारची सुटी १० जून १८९० पासून मिळाली ती त्यांच्या धडपडीतून. १ मेच्या अंकात त्यांच्यावर तुमच्याकडे लेख येतो. तो लेख ज्या उपसंपादकाने लावला, त्याला साप्ताहिक सुटी मिळाली का, हे एकदा विचारून बघा. बहुतेक 'अॅडजस्ट' झालेली असेल.

आता नव्या संहितांचं. वेतन मंडळाची तरतूद ज्या कायद्यात होती तो कायदाच उरला नाही, ही वाईट बातमी. नव्या व्याख्येत टीव्ही आणि डिजिटलमधले पत्रकार आले, ही चांगली. जुन्या कायद्याखाली उभे राहिलेले दावे नवा कायदा आला म्हणून आपोआप मिटत नाहीत, हे काहींनी कर्मचाऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलंय ते वेगळंच: नव्या नियमांमुळे हातात येणारा पगार कमी होऊ शकतो. असा मेल एका तरुण मित्राने मला पाठवला. त्यात हे नव्हतं की भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तरच वरचा भाग वेतनात धरला जातो. म्हणजे मूळ पगार मुद्दाम लहान ठेवून सीटीसी, म्हणजे कंपनीने सांगितलेला एकूण मोबदला, भत्त्यांनी फुगवली असेल तरच फरक पडतो. हेही नव्हतं की पीएफ १५,००० रुपयांच्या मर्यादेवर कापला जात असेल, तर हातात कमी येण्याचं कारण नाही, असं श्रम मंत्रालयानेच स्पष्ट केलंय. मेल वाचून वाटावं, सरकारने पगार कापला आणि कंपनी बिचारी हात चोळत उभी आहे. हा मेल तुमच्या खात्यातून गेला असेल, तर तो दुरुस्त करून पुन्हा पाठवा. अंकात चूक झाली की शुद्धिपत्र छापतोच आपण.

तुमच्या हातात पगारवाढ नाही, हे मला कळतं. धोरण तुम्ही ठरवत नाही. पण कोणती गोष्ट कुणाला आधी सांगायची, निवेदनात आकडा असेल की नाही, खाली कुणाचं नाव असेल, संघटनेच्या पत्राला उत्तर जाईल की नाही, हे बऱ्याच अंशी तुमच्या टेबलावर ठरतं. आवृत्ती बंद होणार हे तिथल्या माणसाला दुसऱ्या समूहाच्या पोर्टलवर वाचायला लागू नये. माणसं कमी करायची तर किती, कोणत्या विभागातून, देणी कधी आणि किती, हे पहिल्याच मेलमध्ये असावं आणि खाली निर्णय घेणाऱ्याची सही असावी. संघटनेशी बोलणी चालू असताना तिच्याविषयीच्या कंड्या संपादकीय बैठकीत सोडणं बंद व्हावं. मान्यताप्राप्त संघटनेशी प्रामाणिकपणे वाटाघाटी न करणं हे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा म्हणून लिहिलेलं आहे. आणि कामगार न्यायालयाचा निकाल आपल्याविरुद्ध गेला तरी त्याची बातमी आपल्या अंकात, आपल्या नावानिशी यावी. संपादकाला हे सांगायची हिंमत वार्ताहराकडून अपेक्षू नका. ती तुम्ही दाखवा. तुमचा पगार त्याच्याहून बराच आहे.

शेवटचं आणि तातडीचं. नव्या संहितेनुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र द्यावं लागतं. डेस्कवरच्यांना बहुधा मिळेल. मला तालुक्यांची काळजी आहे. तुमच्या समूहाच्या अंकात ज्यांच्या नावाने गेल्या वर्षभरात बातम्या छापल्या, त्या सर्वांची यादी काढणं अवघड नाही, ती सर्व्हरवर आहे. त्यातल्या किती जणांना पत्र देणार, कोणत्या पदाचं, किती मोबदल्यावर, आणि ज्यांना देणार नाही त्यांना का नाही, हे जाहीर करा. हो किंवा नाही, काहीही असो, पण लेखी द्या. वर्धापनदिनाच्या जाहिरातींसाठी तालुक्याला फोन जायच्या आत ती पत्रं गेली तर बरं होईल.

कळावे,
आपला,
एक निवृत्त उपसंपादक